अठ्ठावन्न टक्के पाणी

लॅक्टोमीटरसाहेबांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पोस्टमनला ठाऊक असायला हवं होतं, पण तोही जिन्यातूनच "लॅक्टोमीटर, रजिस्टर आहे!" असं ओरडायचा. एकतीस वर्षं भेसळ खात्यात नोकरी. दुधाच्या कॅनमध्ये काचेची नळी सोडायची, ती किती बुडते ते बघायचं, आणि मग त्या हिशोबाने दूधवाल्याला बुडवायचं, हे त्यांचं काम. लाच घेतली नाही, रजा घेतली नाही आणि कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. शेवटच्या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती. कुणाकडे चहाला गेले तर कप आधी खिडकीच्या उजेडात धरायचे. शेजाऱ्यांनी हळूहळू त्यांना चहाला बोलावणं बंद केलं, तेव्हा साहेब म्हणाले, "हल्ली लोक माणूसघाणे झालेत."

आता त्यांच्या बायकोबद्दल. बाईंना सातव्या वर्षी चष्मा लागला. नंबर वाढत वाढत उणे अकरावर येऊन थांबला. काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. शाळेत सगळ्या तिला ढापणी म्हणायच्या. चिडवायला म्हणायच्या असंही नाही, नावच पडलं होतं. वर्गशिक्षिकासुद्धा हजेरी घेताना एकदा चुकल्या होत्या म्हणे. तर त्या शाळेतल्या मैत्रिणींचा मेळावा ठरला. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा सगळ्या भेटणार, रविवारी, शाळेच्याच हॉलमध्ये. निरोप आला आणि बाईंनी मनाशी एक ठरवलं. गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने डोळ्यांत घालायच्या मऊ लेन्स करायला टाकल्या. तिचा नंबर असा आडनिडा की तयार मिळेनात. खास बनवून घ्याव्या लागल्या, त्याला तीन आठवडे लागले.

"एवढं कशाला?" साहेबांनी विचारलं होतं.

"एकदा तरी त्या हॉलमध्ये शिरताना मला कुणी ढापणी म्हणू नये," ती म्हणाली. "बाकी काही नाही हो. एकदाच."

बुधवारी लेन्स आल्या. दोघं दुकानात गेली. चष्मेवाल्याने तिला आरशासमोर बसवलं, लेन्स बोटाच्या टोकावर कशी घ्यायची, पापणी कशी धरायची ते शिकवलं. अर्धा तास खटपट चालली. डोळे लाल, नाक लाल. शेवटी दोन्ही बसल्या. बाईंनी डोळे पुसले आणि आरशात पाहिलं. मग खूप वेळ नुसतं पाहतच राहिली. अहो, चष्म्याशिवाय तिला स्वतःचं तोंड कधी दिसलंच नव्हतं! चष्मा काढला की आरसाच धूसर, आणि चष्मा लावला की त्या जाड काचांमागे डोळे वाटाण्याएवढे. अठ्ठेचाळीस वर्षं तिला वाटत होतं, आपले डोळे बारीक आहेत.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "माझे डोळे एवढे मोठे आहेत? अहो, बघा ना!"

साहेबांनी बघितलं नाही. ते खोका वाचत होते. खोका वाचणं ही त्यांची जुनी सवय. माणसापेक्षा खोका कमी खोटं बोलतो असं ते म्हणायचे. आणि त्या खोक्यावर, बारीक अक्षरांत, चक्क लिहिलेलं होतं: पाणी, अठ्ठावन्न टक्के.

साहेबांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. कसलेला दूधवालासुद्धा तीस टक्क्यांच्या पुढे जाताना दहा वेळा विचार करायचा. आणि हा इसम अठ्ठावन्न टक्के पाणी घालतो आणि वर छापतो!

"हे काय आहे?" त्यांनी खोका काउंटरवर आपटला.

चष्मेवाला गरीब स्वभावाचा. "साहेब, ते तसंच असतं. हे प्लास्टिक तहानलेलं असतं. पाण्यात ठेवलं की पाणी पितं, मऊ होतं. त्या पाण्यामुळेच डोळ्याला हवा मिळते. उघड्यावर ठेवलं तर सगळं पाणी सोडून देतं, मग कडक होतं, पापडी होते त्याची. म्हणून तर या औषधी पाण्यातच ठेवायची, आणि डोळ्यात असली की अश्रूंवर..."

"एकतीस वर्षांत," साहेब म्हणाले, "प्रत्येक दूधवाल्याने मला हेच सांगितलंय. गाईनेच पाणी प्यायलं म्हणून."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. बाईंनी लेन्स काढून डबीत ठेवल्या, चष्मा लावला आणि डोळे पुन्हा वाटाण्याएवढे झाले. रस्ताभर ती मान खाली घालून चालली. साहेबांना वाटलं, फसवलं गेल्याचं दुःख आहे.

खरं म्हणजे प्रकरण इथेच संपायचं. पण तळमजल्यावर वकील राहतात. वकिलांची प्रॅक्टिस फारशी नाही, त्यामुळे सल्ला ताजा असतो आणि फुकट असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "केस उत्तम आहे. पण छापलंय अठ्ठावन्न. तुम्ही म्हणता फसवणूक. तर फसवणूक सिद्ध व्हायला खरं पाणी त्याहून जास्त निघालं पाहिजे. पासष्ट निघालं, सत्तर निघालं, की माणूस गेलाच आत. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने मनावर घेतलं तर..."

झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला साहेबांना शिडी लागत नसे.

गुरुवारी ते आपल्या जुन्या खात्यात गेले. जिथे एके काळी ते आले की पंखेसुद्धा जपून फिरायचे, तिथे शिपायाने विचारलं, "काय काम आहे काका?" काका! साहेबांनी तो अपमान गिळला. आत त्यांच्या हाताखाली तयार झालेला लिपिक त्यांच्याच खुर्चीत बसला होता. त्याने उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसला.

"साहेब, हे खाद्यात येत नाही हो."

"पाणी खाद्यात येत नाही?"

"येतं. पण डोळ्यात घालायचं येत नाही. बरं, तुमच्यासाठी घेऊ आपण. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना आहे, नमुना घन की द्रव?"

साहेब विचारात पडले. "अठ्ठावन्न टक्के द्रव."

"मग द्रवाचा नियम लागतो. नमुन्याचे तीन समान भाग, तीन बाटल्यांत, तिन्हीवर मोहोर. तुम्हीच शिकवलंत साहेब." लिपिक अदबीने म्हणाला. "आणि ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला पावती. पावती नसली तर तुम्ही केस फेकून द्यायचात."

लेन्सचे तीन समान भाग कसे करायचे यावर दोघांनी प्रामाणिकपणे दहा मिनिटं विचार केला. मग साहेब उठले. दारापर्यंत पोचवायला कुणी आलं नाही.

शहाणा माणूस इथे तरी थांबला असता. पण साहेबांना आता पाण्याचं नव्हे, शिपायाच्या त्या 'काका'चं उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी दुपारी बायको शिंप्याकडे रविवारचे कपडे आणायला गेली. साहेबांनी कपाट उघडलं. डबीला दोन झाकणं, एक उजव्या डोळ्याचं, एक डाव्याचं. उजवं झाकण उघडलं. आत औषधी पाण्यात ती लेन्स तरंगत होती, असून नसल्यासारखी. एकतीस वर्षांत साहेबांनी मालकाला विचारल्याशिवाय नमुना घेतला नव्हता. पण मालक म्हणजे आपलीच बायको, तिच्याच भल्यासाठी, आणि तासाभरात तर परत आणून ठेवायची! चोरी करणारी सगळी माणसं हेच म्हणतात, हे साहेबांना माहीत होतं, कारण सगळ्यांनी ते त्यांनाच म्हटलं होतं. त्यांनी डबीच खिशात घातली.

मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा नाक्यावरच्या सराफाकडे होता.

"मोती आहे का?" सराफाने डबीत डोकावून विचारलं.

"पुरावा आहे," साहेब म्हणाले.

त्यांनी उजव्या खणातलं औषधी पाणी कुंडीत ओतून दिलं. वजन करायचं तर फुकटचं पाणी बाजूला काढायलाच हवं. सराफाने चिमट्याने लेन्स उचलली, टिपकागदावर अलगद टेकवली आणि काट्यावर ठेवली. छत्तीस मिलिग्रॅम. साहेबांनी वहीत तारीख, वेळ, साक्षीदार सगळं लिहिलं. मान वर केली तर काटा पस्तीस दाखवत होता.

"काटा बिघडलाय तुमचा."

सराफाच्या सात पिढ्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. "काटा नाही बिघडला. तुमची वस्तूच उडून चाललीय." तेवढ्यात चौतीस. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तेहतीस. एकतीस. दुकानातली सगळी माणसं काट्याभोवती जमली. सोन्याचा भाव बघावा तसे सगळे आकडे बघत होते आणि ओरडत होते, "अठ्ठावीस! सव्वीस!" मधेच लेन्सची कड वळली, मग ती हळूहळू आक्रसली, तिला सुरकुती पडली. साहेब पेन्सिल धरून भराभर लिहीत होते. इतकं रंगलेलं तपासणीचं काम त्यांनी सगळ्या नोकरीत केलं नव्हतं. पंधरावर काटा थांबला. सगळे थांबले.

साहेबांनी गुणाकार केला, भागाकार केला. छत्तीसातले एकवीस गेले. म्हणजे अठ्ठावन्न टक्के. वर थोडंसं दशांशात.

पुन्हा केला. पुन्हा अठ्ठावन्न.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा एक माणूस असा भेटला होता, ज्याने जेवढं पाणी आहे तेवढंच छापलं होतं. आणि त्याला साहेबांनी भर दुकानात दूधवाला म्हटलं होतं.

"आता याचं काय करू?" सराफाने विचारलं. काट्यावर माशाच्या खवल्यासारखी एक वाकडी कपची पडली होती. त्याने ती चिमट्याने उचलली. टक् असा अगदी बारीक आवाज झाला. एवढा बारीक की साहेबांना वाटलं, नसेलही झाला.

घामाघूम होऊन ते घरी आले. बायको यायची होती. चष्मेवाला म्हणाला होता ना, पाण्यात ठेवलं की पाणी पितं? मग पाज पाणी! त्यांनी नळाखाली डबीचा उजवा खण भरला आणि कपची आत सोडली. पाच मिनिटं काही नाही. साहेब डबीवर डोळे लावून बसले. मग ती कड जरा हलली. सुरकुती मोकळी झाली. कपची वाटोळी व्हायला लागली, फुलली, पारदर्शक झाली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. साहेबांना हुंदका फुटायचा बाकी राहिला. "जगली!" ते स्वयंपाकघरात एकटेच म्हणाले.

मग त्यांनी ती बोटावर घेऊन खिडकीशी धरली; चहाचा कप धरायचे तशीच. कडेला नखाच्या टोकाएवढी चीर होती.

आणि साहेबांनी काय केलं? ज्यांनी कॅन लपवणाऱ्या दूधवाल्यांची गचांडी धरली, त्या साहेबांनी लेन्स पुन्हा डबीत ठेवली, झाकण लावलं, डबी कपाटात होती तिथे, होती त्याच कोनात ठेवली, आणि बायको आल्यावर विचारलं, "कपडे नीट शिवलेत का?"

खाली जाऊन वकिलांना सांगितलं. वकील म्हणाले, "एक अक्षर बोलू नका. आपणहून कबुली देणं हा मूर्खपणा आहे. वहिनी घालतील, त्यांच्या हातून फाटली असं त्यांनाच वाटेल. कुणी पाहिलंय?" साहेब तडक जिन्याकडे वळले. हाच सल्ला आजवर शेकडो दूधवाल्यांना मिळाला असणार, आणि देणारा कुणीतरी असाच कपाळावर चष्मा चढवून बसला असणार.

रात्रभर तळमळून शनिवारी सकाळी ते चष्मेवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. शेवटी चष्मेवाल्यानेच आतून हाक मारली, "या ना साहेब, उन्हात का उभे?"

साहेबांनी सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. मध्ये मध्ये "नमुना", "तपासणी" असे शब्द आले, पण ते शब्दसुद्धा आज त्यांच्या बाजूने उभे राहीनात. 'नळाचं पाणी' म्हटल्यावर चष्मेवाल्याचा चेहरा उतरला.

"साहेब, ती डोळ्यात घालू देऊ नका. काही झालं तरी. नळाच्या पाण्यातून जंतू जातात, डोळा जायची पाळी येते. आणि ती चीर बुबुळावर ओरखडा काढेल."

"दुसरी मिळेल? उद्यापर्यंत?"

"तीन आठवडे."

"एकच घातली तर?"

"एका डोळ्याने दिसेल, दुसऱ्याने नाही. चक्कर येईल त्यांना." त्याने रागवावं, निदान टोमणा तरी मारावा, असं साहेबांना फार वाटत होतं. पण तो एवढंच म्हणाला, "बुधवारी फार खूश होत्या हो वहिनी. आरशात बघून. तुमचं लक्ष नव्हतं."

साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणी काही दुभंगली नाही. दुकानाची फरशी चांगली पक्की होती.

आता शनिवारी घरी गेल्या गेल्या सांगायला हवं होतं ना? पण जेवताना सांगू म्हणाले, जेवताना ती मेळाव्याबद्दल बोलत होती. झोपताना सांगू म्हणाले, तर ती गुणगुणत होती. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, ही बाई गुणगुणते हे त्यांना माहीत नव्हतं. लाजेची गंमत अशी की जितका उशीर करावा तितकी ती फुगते. नळाच्या पाण्यातल्या त्या लेन्ससारखी.

रविवारी सकाळी ती नवे कपडे घालून आरशासमोर बसली. हात साबणाने धुतले, पुसले. चष्मा काढून ठेवला. डाव्या डोळ्याची लेन्स पहिल्याच झटक्यात बसली. "जमलं हो!" ती म्हणाली, आणि उजव्या झाकणाला हात घातला.

"थांब," साहेब म्हणाले.

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. पहाटे उठून लिहिला होता, जुन्या सरकारी अक्षरात, रेघा मारून. नमुना घेतल्याची पावती.

तिने डावा डोळा उघडा ठेवून, उजवा हाताने झाकून तो वाचला. वस्तू: उजव्या डोळ्याची लेन्स. ओलं वजन छत्तीस, सुकं वजन पंधरा. निष्कर्ष: विक्रेता प्रामाणिक. मालाची स्थिती: निकामी. नमुना घेण्यापूर्वी मालकाची संमती: घेतली नाही. लपवल्याचा कालावधी: दोन दिवस.

खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरत होतं, तेवढाच आवाज येत होता. साहेब उभे होते. दूधवाले जसे उभे राहायचे, हात पुढे बांधून, मान खाली.

"सही राहिलीय," ती म्हणाली.

त्यांनी सही केली. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग वाकून डावी लेन्स काढली, डबीत ठेवली, आणि चष्मा लावला. काचेमागे तिचे डोळे लहान लहान होत गेलेले साहेबांनी या वेळी पाहिले.

"ओरड तरी गं," ते म्हणाले.

"उशीर होतोय. चला."

"मी पण?"

"मग? मला काय एकटीने जायचंय?"

हॉलच्या दारात तिने पाऊल टाकलं मात्र, आणि आतून एकदम पंचवीस बायकांचा गलका उठला, "ढापणे! अगं, ढापणी आली!" त्यांनी तिला मिठ्या मारल्या, कुणी गालाला हात लावला, कुणी रडलं. त्यात वाईट काही नव्हतं, उलट प्रेमच होतं. पण साहेब दारातच थिजले. तो एक शब्द तिला चुकवायचा होता. एकदाच.

ती क्षणभर थांबली. मग हसली आणि त्यांच्यात मिसळली.

"हे कोण? तुझे मिस्टर?" एकीने विचारलं. "काय करतात?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. पर्समध्ये सही केलेला कबुलीजबाब होता. ती काय वाटेल ते सांगू शकत होती, आणि ते सगळं खरं असतं.

"भेसळ खात्यात होते," ती म्हणाली. "फार प्रामाणिक नोकरी केली हो."

त्यापेक्षा तिने चारचौघींत ती पावती वाचून दाखवली असती तर बरं झालं असतं.

शेवटी फोटोसाठी सगळ्या ओळीने उभ्या राहिल्या. फोटोग्राफरने दोनदा कॅमेरा डोळ्याला लावला आणि दोनदा खाली घेतला. "त्या मधल्या बाई, चष्मा काढा ना जरा. काच चमकतेय."

तिने चष्मा काढला. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. "अगं," एक जण म्हणाली, "तुझे डोळे बघ किती सुंदर आहेत! कधी दिसलेच नाहीत आम्हाला."

तिला स्वतःला तर आता कुणीच दिसत नव्हतं. मैत्रिणी नाहीत, कॅमेरा नाही. तिने दाराच्या दिशेने अंदाजाने मान वळवली.

"अहो," तिने विचारलं, "कशी दिसतेय मी? मला नाही दिसत. तुम्ही तरी बघा."

साहेबांनी पाहिलं. डोळे ताणून, जिवाच्या आकांताने पाहिलं. पण हॉलमधली ती सगळी ओळ, मधली तीसुद्धा, एकमेकींत मिसळून पाण्यात पाहावी तशी हलत होती. त्यांना धड काहीच दिसत नव्हतं.